कोयत्यापुढे दिलेला शब्द

मी जपानच्या डोंगरातल्या हिनोसे गावचं पर्सिमनचं झाड बोलतोय. तुमच्याकडच्या टेंभुर्णीचा मी लांबचा भाऊबंद. माझं फळ केशरी, टोमॅटोएवढं, पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असं. पण मोहात पडून तोडल्या तोडल्या खाल्लंत, तर जीभ अशी आवळून येईल की बराच वेळ स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येणार नाही. मी तुरट जातीचा आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. गोड जातीचे पर्सिमन खाली दक्षिणेत, उबेत होतात. आमच्या डोंगरातली थंडी सोसायची, तर अंगात थोडा तुरटपणा लागतोच. गावची माणसंही तशीच आहेत.

गेल्या हिवाळ्यात मला तोडायला करवत आली होती. ती आली तशी परत गेली. कशी, ते सांगतो. पण आधी माझं कूळ ऐका.

माझा जन्म कलमाचा. इएमोन नावाच्या शेतकऱ्याने रानटी रोपावर माझी काडी बांधली आणि मला परसदारी, संडासाच्या शेजारी लावलं. माणसं आपल्या भरभराटीचं श्रेय कष्टाला देतात, नशिबाला देतात, देवाला देतात. मी सरळ सांगतो, मला संडासाने वाढवलं. साऱ्या आळीत माझ्यासारखा बुंधा कुणाचा नव्हता.

वाढता वाढता एके वर्षी माझा शेंडा छपराच्या वर गेला आणि मला गाव दिसलं. नदी, नदीच्या कडेने एकच रस्ता, टोफूवाल्याच्या दुकानातून पहाटे निघणारी वाफ आणि उतारांवर तुतीच तुती. तेव्हा घराघरांत माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. मग रेशीम गेलं, तुती उपटली आणि तिथे देवदार लावले. देवदार वाढले, तर तोडायला माणसं उरली नाहीत. शाळा बंद पडली. तिच्या मैदानावर आता आजी-आजोबा लाकडी हातोड्याने चेंडू ढकलतात आणि एकमेकांवर लबाडीचा आरोप करतात. बाहेरचे लोक येऊन म्हणतात, अरेरे, गाव ओस पडलं. मला त्यांचा राग येतो. माणसं कमी झाली असतील, भांडणं होती तेवढीच आहेत.

माझं काम शरदातलं. पानं गळतात, फळं तेवढी उरतात, आणि पुढून चिरलेला लांब बांबू घेऊन घरची माणसं येतात. बांबूच्या फटीत डहाळी धरायची आणि पिळायची. देठाशी काडीचा तुकडा राहायलाच हवा, नाहीतर दोरीला बांधणार कशाला? मग फळं सोलायची, दोरीला एकाखाली एक बांधायची, उकळत्या पाण्यात बुडवून वळचणीला टांगायची. डोंगरावरचा वारा त्यांना वाळवतो. अधूनमधून प्रत्येक फळ बोटांनी हलक्या हाताने चोळावं लागतं. तसं केलं की काही आठवड्यांनी त्याच्यावर पांढरी पूड धरते आणि ते गुळालाही मागे सारेल असं गोड होतं. तुरटपणा कुठे जातो, मलाही माहीत नाही. जातो एवढं खरं.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीच्या मध्यावर, पंधरा तारखेला, आमच्याकडे धाकटं नवं वर्ष असतं. त्या दिवशी माझ्याकडे दोन माणसं येतात. एक कोयता घेऊन पुढे उभा राहतो आणि डोळे वटारून विचारतो, "देतोस की नाही? नाही दिलंस तर मुळापासून तोडीन!" झाड काय बोलणार? म्हणून दुसरं माणूस माझ्या मागे उभं राहतं आणि माझ्या वतीने उत्तर देतं, "देतो, देतो!" मग कोयत्याने सालीला बारीकशी चीर पाडतात आणि त्या चिरेत अझुकीचे तांबडे दाणे घालून शिजवलेली लाल पेज भरवतात. आधी धाक, मग घास. आईबापही मुलांशी याहून वेगळं काय करतात?

इएमोनचा नातू गेनजिरो. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत सासूने नव्या सुनेला माझ्या मागे उभं केलं. सुनेचं नाव तोमिए, खिंडीपलीकडच्या गावची. तोवर ती घरात मान खाली घालून वावरत होती, "हो" आणि "आले" यापलीकडे शब्द नाही. गेनजिरोने कोयता उगारून विचारलं, आणि माझ्या मागून असा दणदणीत आवाज आला की टोफूवाला दुकानातून बाहेर धावला. नव्या सुनेचा आवाज आळीने पहिल्यांदा ऐकला, तो माझा आवाज म्हणून.

"देतो, देतो, भरपूर देतो!"

"गेल्या वर्षीही असंच म्हणाला होतास!" गेनजिरो गरजला.

"गेल्या वर्षी दिलं होतं. तूच वेळेवर उतरवलं नाहीस, आळशा!"

सासू तोंडावर पदर घेतल्यासारखा बाहीचा आडोसा करून हसली. नवऱ्याला चारचौघांत आळशी म्हणायची सोय तोमिएला वर्षातून एकदाच होती, आणि ती तिने कधी वाया घालवली नाही. गेनजिरो एरवी इतका शांत माणूस की पावसातसुद्धा हळू चालायचा. पण त्या दिवशी तोही छाती फुगवून ओरडून घ्यायचा. मला वाटतं, दोघांचा संसार माझ्या पुढे आणि मागे उभं राहूनच जमला.

गेनजिरो वारला तेव्हा मी पानं गाळून उभा होतो. पुढच्या जानेवारीत विचारायला कोण? तोमिएने टोफूवाल्या शिगेझोला बोलावलं. शिगेझो आयुष्यभर गिऱ्हाइकाशी बोललेला माणूस. कोयता पाठीमागे लपवून तो म्हणाला, "यंदा थोडी कृपा होईल का हो?" अशा विचारण्याला कुठलं झाड भीक घालेल? त्या वर्षी मी बेताचंच दिलं.

पण जे दिलं तेही उतरेना. तोमिएचे गुडघे गेले. खालच्या फांद्यांवरची फळं ती काढायची, वरची तशीच राहायची, पिकून मऊ पडायची, टपटप गळायची. गावात अशी कितीतरी परसं झाली होती. डोंगरातल्या अस्वलांना हा वास कळायला वेळ लागला नाही.

एका सकाळी अस्वल माझ्यावर चढून निवांत बसलं. जाताना एक चांगली फांदीही मोडून गेलं. दुसऱ्या दिवशी गावकचेरीतले कुवाबारा आले. चाळिशीचे, सौम्य, गळ्यात अस्वलं पळवायची शिट्टी अडकवलेले.

"आजी, अस्वल इथेच बसलं होतं म्हणे?"

"बसलं होतं. मी आत चहा पीत होते, ते बाहेर फळं खात होतं. नजरानजर झाली. त्याचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"हसण्यावारी नेऊ नका. खाली उतरून त्याने पलीकडच्या आळीतल्या हारूबाईंना पंजा मारला. टाके पडलेत."

हारूबाई तोमिएच्या चेंडूच्या खेळातली जोडीदार होती.

"फळ उतरवायला माणूस नाही, तर झाड ठेवून काय करायचं?" कुवाबारा हळूच म्हणाले. "कचेरी तोडून देईल. तुम्हाला नुसतं हो म्हणायचंय."

मोठ्या नव्या वर्षाला, एक जानेवारीला, तोमिएचा मुलगा कोहेई सेंदाई शहराहून आला. त्यानेही तेच म्हटलं, आणि वर आणखी म्हटलं. "आई, झाड तोडू दे आणि तूही चल माझ्याकडे. इथे कुणाच्या भरवशावर राहतेस? अस्वलाच्या?"

"बरं," तोमिए म्हणाली.

तोमिएला मी ओळखतो. ती सहजासहजी "बरं" म्हणणारी बाई नाही. ती वाद घालते, टोमणा मारते, विषय बदलते. त्या दिवशी तिने यातलं काही केलं नाही, आणि मला ते अस्वलाने मोडलेल्या फांदीपेक्षा जास्त लागलं.

तोडायचा दिवस कचेरीने ठरवला. बर्फ घट्ट बसलेलं हवं आणि करवतवाला यासाकू मोकळा हवा, एवढंच त्यांनी पाहिलं. तो दिवस नेमका पंधरा तारखेचा निघाला. धाकट्या नव्या वर्षाची सुट्टी कॅलेंडरातून कधीच गेली होती, त्यामुळे कुवाबारांच्या ते ध्यानात आलं नाही. तोमिएच्या हातांच्या मात्र आलं. सकाळी उठून त्या हातांनी लाल पेज शिजवली. कापायच्या झाडाला पेज कशाला, असं तिनेही स्वतःला विचारलं असेल. पण शिजवलेली पेज टाकवेना, म्हणून ती वाडगा घेऊन बाहेर आली.

यासाकू सत्तरीचा. जन्मभर करवतीच्या आवाजात राहून कानांनी अधू झालेला, त्यामुळे शेजारी उभ्या माणसाशीही तो दरीपलीकडच्याशी बोलावं तसा बोलतो. त्याने रिवाजाप्रमाणे माझ्या मुळाशी साके, म्हणजे तांदळाची दारू ओतली, हात जोडले, यंत्राची करवत सुरू केली. तोमिएला पातं बघवेना. ती फिरून माझ्या मागे गेली आणि दरवर्षी जिथे उभी राहायची तिथेच, वाडगा धरून उभी राहिली.

यासाकूने पवित्रा घेतला आणि शेवटचं विचारून घ्यावं म्हणून ओरडला, "काय मग? तोडू का?"

"देतो, देतो! भरपूर देतो!"

माझ्या मागून आवाज आला. तोच, दणदणीत.

माझ्या फांदीवरचं बर्फ धप्पकन खाली पडलं. यासाकूने करवत बंद केली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

तोमिए वाडगा सावरत पुढे आली. कानापर्यंत लाल झाली होती. "तोंडातून गेलं हो. पुढे पातं दिसलं, मागे मी उभी. सवय. तुम्ही तोडा, माझ्याकडे लक्ष देऊ नका."

"आता कसं तोडू?" यासाकू म्हणाला. "झाडाने शब्द दिला. यावर करवत चालवली तर माझा बाप थडग्यातून उठून येईल आणि माझ्या कानाखाली वाजवेल."

"यासाकूदादा, झाड नाही बोललं," कुवाबारा म्हणाले. "आजी बोलल्या."

"मी उभा आहे तिथून आजी दिसत नव्हत्या. झाड दिसत होतं."

कुवाबारांनी वाडग्यातल्या लाल पेजेकडे पाहिलं. "आज पंधरा तारीख?"

"पंधरा," तोमिए म्हणाली.

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्हीच ठरवलीत, आम्ही काय बोलणार?"

कुवाबारा जरा वेळ बूट बर्फात आपटत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे मागे मी उभा राहायचो. आजोबा विचारायचे."

"आणि ते झाड?" तोमिएने विचारलं.

"तिथे आता गाड्या लावतो."

त्यांनी पाठ फिरवून दोन वेळा नाक शिंकरलं आणि परत वळले तेव्हा कचेरीचा आवाज काढला. "एक वर्ष देतो. अस्वलं खाली उतरायच्या आत फळ न् फळ निघालं पाहिजे. शेंड्यावरचंसुद्धा. एक जरी राहिलं, तरी दुसऱ्या दिवशी यासाकूदादांना पाठवीन. आणि तेव्हा तारीख बघून पाठवीन."

यासाकूने कोयता मागवला, सालीला चीर पाडली. तोमिएने पेज भरवली. पेज निवली होती, पण मी तक्रार केली नाही.

त्या दुपारी ती फोनवर कोहेईशी बोलत होती. "नाही तोडलं… झाडाने शब्द दिलाय… अरे, मीच दिला, पण त्याच्या वतीने… नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं. तुझं ठिकाणावर ठेव."

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा मनापासून शब्द गेला की मला हातचं राखून देता येत नाही. एरवी उन्हाळ्यात मी बरीच कच्ची फळं स्वतःहून गाळतो. पेलतील तेवढीच ठेवायची, हा शहाणपणा आमच्या जातीला असतो. त्या वर्षी मी एकही गाळलं नाही. करवतीच्या तोंडावर माझ्या नावाने शब्द गेला होता. भरपूर म्हणजे भरपूर. ऑक्टोबरात पानं उतरली आणि तोमिए परसात येऊन मान वर करून उभी राहिली. फांद्या जमिनीकडे झुकल्या होत्या, मागचं आभाळ दिसत नव्हतं.

"मेल्या," ती म्हणाली, "एवढं कशाला?"

शिगेझो टोफूवाला कुंपणाशी आला होता. "मी विचारायचो तेव्हा मूठभर द्यायचा. हा सूड आहे, दुसरं काही नाही."

"सूड कसला, भोळेपणा आहे. भरपूर म्हटलं की भरपूर. अगदी ह्यांच्यावर गेलाय."

मला ते ऐकून बरं वाटलं, पण पंचाईत खरीच होती. मी जितका शब्दाला जागलो तितकी माझीच मान अडकली. यासाकू बांबू घेऊन आला, शिगेझो दुकान लवकर बंद करून यायचा आणि तोमिए ओसरीवर बसून सोलायची. तिचे गुडघे गेले असले तरी हात गेले नव्हते. साल तिच्या सुरीखालून अखंड सुटायची. वळचण भरली, मग शिगेझोची वळचण भरली, मग हारूबाईंनीही दोऱ्या मागवून घेतल्या. अस्वलाने पंजा मारलेल्या हाताने ती फळं टांगत होती. खालच्या फांद्या मोकळ्या झाल्या, मधल्या झाल्या.

शेंडा राहिला. बांबू पुरेना. यासाकूचा खांदा धरला, त्याला हात वर करता येईना. आणि नदीकाठच्या चिखलात अस्वलाचे ठसे दिसले. कुवाबारा येऊन सांगून गेले, "आजी, रविवारपर्यंत. त्यापुढे माझ्या हातात नाही."

तुम्ही म्हणाल, मग कुणी चढलं का नाही? पर्सिमनवर चढत नाहीत. आमची फांदी वाकत नाही, करकरत नाही, सरळ मोडते. हे मी स्वतःच सांगतो, यात लपवण्यासारखं काही नाही. गावातल्या प्रत्येक घरात असं पडलेल्या कुणाची तरी कथा आहे. गेनजिरोने मुलावर जन्मात एकदाच हात उगारला, तोही कोहेई माझ्यावर चढला म्हणून.

रविवारी सकाळी कोहेई आला. आईला न्यायला आला होता, गाडीत तिच्यासाठी उशीही होती. परसात येऊन त्याने वर पाहिलं.

"वरचं कोण काढणार?"

"कुणी नाही," तोमिए म्हणाली. "राहिलं ते राहिलं."

"मग उद्या तोडतील."

"तोडतील. आपण शब्द दिला, तसा त्यांनीही दिलाय. त्यांना तो पाळू दे."

तिने हे इतकं शांतपणे म्हटलं की कोहेई तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने बूट काढले, मोजे काढले.

"वेडा झालास का? पोट बघ तुझं!"

"पोट इथेच ठेवून चढू का?"

यासाकूने त्याच्या कमरेला दोर बांधला. कुवाबारा घरच्या कपड्यांत आले होते. तपासणीला आलोय म्हणाले आणि शिडी धरून उभे राहिले. शिडी संपली, तिथून पुढे मी होतो.

पन्नाशीचा, खुर्चीत बसून सुटलेला गृहस्थ अंगावर चढतो तेव्हा काय वाटतं, ते मी काय सांगू? मी अस्वल पेललं होतं, पण अस्वलाला मोडलेल्या फांदीचं काही नसतं. या माणसाची आई खाली उभी होती. कोहेई एक पाय ठेवायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. पिशवीत फळं पडत होती. एका फांदीवर त्याने भार टाकला आणि माझ्या गाभ्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं. मला बाहेरून आवाज काढता येत नाही. मी नुसता धरून राहिलो. वादळात धरलं नव्हतं, बर्फात धरलं नव्हतं, तसं धरलं. फांदी राहिली. त्याला कधी कळलंही नाही.

शेवटी टोकावर एकच फळ उरलं. आमच्याकडे ते ठेवतात. पाखरांसाठी आणि झाडाच्या बरकतीसाठी.

"ते राहू दे, कोहेई," तोमिए खालून म्हणाली. "ते झाडाचं असतं."

कुवाबारांनी शिडी धरलेली होती. ते वर न बघता म्हणाले, "आजी, हारूबाईंचा हात अजून दुखतो."

तोमिएने मान वर करून त्या फळाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "काढ."

कोहेईने ते काढलं. झाडावरच पिकून इतकं मऊ झालं होतं की त्याला छातीशी धरून आणावं लागलं. तोमिएने ते कुवाबारांच्या हातावर ठेवलं आणि खा म्हणाली. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या खाल्लं, रस कोपरापर्यंत ओघळला. "गोड आहे," ते म्हणाले, आणि चोरी पकडली गेल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले.

मी वाचलो. शेंडा असा पार मोकळा मी कधी अनुभवला नव्हता. मला हलकं वाटत होतं की उघडं, ते अजून ठरवता येत नाही.

कोहेई त्या दिवशी एकटाच परत गेला. फळं वाळेपर्यंत आई हलणार नव्हती. रोज ती ओसरीवर बसून एकेक फळ चोळायची. पांढरी पूड धरली, खोकी भरली, आळीभर वाटली. पहिलं मोठं बर्फ पडायच्या आदल्या दिवशी कोहेईची गाडी पुन्हा आली.

"हिवाळ्यापुरती जातेय," तोमिएने शिगेझोला सांगितलं.

आमच्या गावातून सगळे हिवाळ्यापुरतेच जातात. बर्फ वितळतं, मग कुणीतरी येऊन दारावरची नावाची पाटी काढून नेतं.

"हो, हो," शिगेझो म्हणाला. "वसंतात तुमचा टोफू बाजूला काढून ठेवीन."

"नरम ठेवा. गेल्या वेळी दगड दिला होतात."

"दगड नव्हता, तुमचे दात…" तो म्हणाला, आणि वळून दुकानाकडे चालू लागला.

मला राग आला होता. खरं सांगतो, चांगलाच राग आला होता. करवत परतवली, गावाला कामाला लावलं, मुलाला वर चढवलं, ते काय मला सोडून जाण्यासाठी? कोहेईने गाडी गरम करायला ठेवली होती. तोमिए काठी टेकत परसात आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. पुढे, मागे नाही.

"रागावलास ना?" ती म्हणाली. "रागाव. तुला तोडून गेले असते, तर ते पळून जाणं झालं असतं. रोज तिथे सेंदाईला उठून तेच आठवलं असतं. आता कशी नीट चाललेय."

तिने हातमोजा काढला. गेनजिरोने पाडलेल्या चिरा माझ्या सालीवर आहेत, जुन्या, उंचवट्यासारख्या झालेल्या. त्यांच्यावरून तिने हात फिरवला.

"इतकी वर्षं तुझ्या वतीने मी ओरडले. घसा बसला माझा. आता तुझं तू बोल."

गाडी नदीच्या रस्त्याने गेली. वळणापर्यंत मला दिसत होती. छपराच्या वर शेंडा असल्याचा एवढा उपयोग.

आता माझ्या कमरेपर्यंत बर्फ आहे. घराची दारं लावलेली आहेत. कुवाबारांनी पुढच्या वर्षालाही तीच अट घातली आहे. बांबू यासाकूने आपल्या घरी नेऊन ठेवलाय, आणि शरदात येतो असं कोहेई म्हणालाय. येईल, त्याला माझ्यावर चढायची खोड लागली आहे. फळं उतरतील. मला त्याची चिंता नाही.

धाकटं नवं वर्ष मात्र तोंडावर आलंय. शिगेझो येईलसं वाटत नाही. त्याला माझ्या मागची रिकामी जागा बघवत नाही म्हणे. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढे एकदा बोलून पाहावं, आवाज लागतोय का. लागला, असं मला वाटतं. तुमच्यापैकी कुणी पंधरा तारखेला या डोंगराकडे आलंच, तर येताना कोयता घेऊन या. कृपा वगैरे मागत बसू नका. माझ्यापुढे उभं राहून, डोळे वटारून विचारा. माझ्या मागे कुणाला उभं करायची गरज नाही.